पोहोचलेले आणि न पोहोचलेले : नान्नज ते कशेळी, सहा दिवस

पहिला दिवस : नान्नज

पहाटे सोलापूर सोडले आणि नान्नजच्या माळावर पोहोचेपर्यंत फटफटले होते. मृगाचे दोन शिडकावे नुकतेच होऊन गेले होते. गेल्या वर्षीच्या वाळक्या गवताच्या ठोंबांतून हिरवे कोंब वर आले होते आणि मुरमाड जमिनीला ओल्या मातीचा वास होता. माझ्याबरोबर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारी एक जुनी मैत्रीण होती. ही वाट तिनेच आखली होती. वर्षाला जेमतेम सहाशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या माळापासून निघायचे, सह्याद्रीच्या माथ्यावरून दक्षिणेला सरकत सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या आंबोलीला जायचे आणि घाट उतरून कोकणच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, थांबायचे, असा तिचा बेत होता. तिच्या मनात अनेक वर्षे एक प्रश्न होता. एखादी प्रजाती अर्ध्या जगभर पसरते आणि तिच्याच शेजारी राहणारी दुसरी एखाद्या तालुक्याबाहेर जात नाही, हे कशामुळे? विद्यार्थ्यांना विचारले, की "तिला तिथले हवामान मानवते" हे एकच उत्तर येते. ते चुकीचे नाही, पण अर्धे आहे, असे तिचे म्हणणे होते. उरलेले अर्धे उत्तर वर्गात सापडत नाही म्हणून आम्ही बाहेर पडलो होतो.

पहिले उदाहरण तासाभरातच समोर आले. बांधाच्या कडेला खोकडाचे बीळ होते आणि दोन पिल्ले त्याच्या तोंडाशी एकमेकांशी झटापट करत होती. आम्ही गाडीतच बसून राहिलो. थोड्या वेळाने वनखात्यासोबत काम करणाऱ्या स्थानिक तरुणाने दूरवरच्या टेकाडाकडे बोट दाखवले. तिथून एक लांडगा तिरक्या, न थकणाऱ्या चालीने निघाला होता आणि खालच्या बाजूला धनगराची मेंढरे चरत होती. एकाच माळावर, एकाच पावसात, काही प्रमाणात एकाच भक्ष्यावर जगणारे हे दोन श्वानकुळातले प्राणी. त्यांतले खोकड फक्त भारतीय उपखंडात आहे, हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिण टोकापर्यंत. लांडगा मात्र भारतापासून युरोपपर्यंत आणि सैबेरियापासून उत्तर अमेरिकेपर्यंत पसरला आहे. माणसाने हाकलण्यापूर्वी इतका विस्तृत पसारा फार थोड्या भूचर सस्तन प्राण्यांचा होता.

या फरकाचे कारण माळात नाही, प्राण्यात आहे. खोकड उघड्या, कोरड्या जागेतले छोटे शिकारी आहे. उंदीर, सरडे, टोळ, बोरे यांवर त्याचे भागते, पण बीळ खोदायला योग्य जमीन आणि मोकळा माळ त्याला लागतोच. दाट जंगल आणि बर्फाळ पर्वत या दोन्ही त्याच्यासाठी भिंती आहेत. लांडग्याला तशी विशिष्ट जागा लागत नाही. तो कळपाने मोठे जनावर पाडू शकतो आणि एकटा असताना सशावरही गुजराण करतो. तारुण्यात आलेला लांडगा जन्मकळप सोडून शेकडो किलोमीटर चालत नव्या मुलखाच्या शोधात जातो. एखाद्या प्रजातीच्या पसाऱ्याची पहिली दोन मापे इथेच हाती आली : तिला किती प्रकारच्या जागा चालतात, आणि तिचे एकटे पिल्लू किती दूर जाऊ शकते.

माळढोक दिसला नाही, दिसेल अशी अपेक्षाही नव्हती. थरच्या वाळवंटापासून तमिळनाडूपर्यंतच्या गवताळ प्रदेशांत एके काळी वावरणारा हा पक्षी आता जगात दीडशेच्या आतबाहेर उरला आहे आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. १९७९ साली याच भागात त्याच्यासाठी अभयारण्य घोषित झाले होते. हवामान तेच आहे, गवत अजून काही ठिकाणी तेच आहे, आणि उडणाऱ्या पक्ष्याला अंतराची अडचण नव्हती. तरीही त्याचा नकाशा फाटत गेला, कारण मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. शिकार, शेतीखाली गेलेले माळ, भटकी कुत्री आणि विजेच्या तारा यांनी एक पक्षी मारला, तर त्याची जागा भरायला अनेक वर्षे लागतात. पसरायला जेवढी पायांची किंवा पंखांची ताकद लागते तेवढीच, पसरलेले टिकवायला, वंशवाढीची गती लागते. माळावरच्या मचाणावर आम्ही दुपारपर्यंत बसलो. काळविटांचा एक कळप, डोंबारी चिमण्या आणि वाऱ्यात वळणारे गवत पाहिले. तिथल्या तरुणाने लहानपणी माळढोक पाहिलेला होता, आणि तो कुठे उभा होता ती जागा त्याने आम्हाला दाखवली.

दुसरा दिवस : चाळकेवाडी

सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावर पोहोचलो तेव्हा ढग होते, पण अकराच्या सुमारास दीड तास लख्ख ऊन पडले आणि त्या दीड तासाने दिवस सार्थकी लागला. काळ्या दगडावर चढून बसलेल्या एका नर सरड्याने गळ्याखालची पिशवी पंख्यासारखी उघडली. निळा, काळा आणि केशरी रंग क्षणभर चमकून मिटले. पाच-सहा पावलांवर दुसऱ्याने त्याला तसेच उत्तर दिले. ही सराडा सुपर्बा. २०१६ साली पंखगळ्या सरड्यांची नव्याने मांडणी झाली तेव्हा या गटाला स्वतंत्र नाव मिळाले, आणि संशोधकांनी त्यासाठी आपला रोजचा 'सरडा' हाच शब्द घेतला. जागतिक वैज्ञानिक नामावलीत एक साधा मराठी शब्द बसला आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

या गटात तीन प्रजाती आहेत आणि तिन्ही दख्खनच्या पश्चिम भागातल्या. सुपर्बा या उंच पठारांची रहिवासी आहे. पठाराच्या कडेवर उभे राहून खाली पाहिले, की तिचा पसारा लहान का, ते पुस्तकाशिवाय कळते. माथा सपाट, उघडा, दगडांचा आहे. कडा सरळ तुटतो आणि खाली दऱ्यांत दाट झाडी आहे, तिथे ऊन जमिनीवर पोहोचत नाही. उन्हावर शरीर तापवणाऱ्या आणि उघड्या दगडावर उभे राहून प्रतिस्पर्ध्याला रंग दाखवणाऱ्या प्राण्यासाठी ती झाडी म्हणजे समुद्रच आहे. समोरचे पठार डोळ्यांना दिसते, तिथेही तोच दगड आणि तेच ऊन आहे, पण मधली दरी चालून पार करणे सरड्याच्या हातचे नाही. माणसाला सलग वाटणारा हा डोंगर सरड्याच्या लेखी द्वीपसमूह आहे, आणि बेटावर अडकलेली वंशावळ काळाच्या ओघात वेगळी होत जाते.

पठारावर सर्वत्र पवनचक्क्या फिरत होत्या. त्यांच्याविषयी एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तो याच जागी झालेला आहे. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले आणि त्यामुळे या सरड्यांची दाटी वाढली. दाटी वाढल्यावर त्यांच्या वागण्यात आणि शरीरातही बदल झाले. त्यांच्या अंगातली तणावाची संप्रेरके कमी होती आणि नरांचे रंगही फिके होते. हवामान बदलले नव्हते, दगड बदलले नव्हते, फक्त वरून झडप घालणारा शेजारी कमी झाला होता. प्रजाती एखाद्या जागी किती संख्येने नांदेल हे तिथे तिला कोण खाते यावर किती अवलंबून आहे, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा अभ्यास आपल्या अंगणात झाला आहे, आणि तो शाळेच्या पुस्तकांत यायला हवा असे मला वाटते.

तिसरा दिवस : कास

कासला धुके इतके होते की रस्त्याची कडा दिसत नव्हती. फुलांचे दिवस अजून दूर होते, त्यामुळे गर्दी नव्हती. मैत्रिणीने एका उथळ पाणथळीच्या काठावर बसून वायतुऱ्याची पाण्यावर टेकलेली लांबट पाने दाखवली. १९८२ साली वर्णन झालेली ही वनस्पती सातारा भागातल्या मोजक्या पठारांबाहेर मिळत नाही. तिच्याच कुळातली दुसरी एक पाणवनस्पती मात्र भारत आणि श्रीलंकेच्या तळ्यांत सर्रास वाढते.

त्याहून मला जास्त गुंतवणारी तुलना निराळी होती. सप्टेंबरात इथल्याच ओल्या, निकस मातीच्या थरावर दवबिंदू नावाची चिमुकली कीटकभक्षी वनस्पती उगवते. तिची एक जात उष्णकटिबंधीय आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली आहे. म्हणजे एकाच खडकावर, एकमेकींपासून हातभर अंतरावर, एक वनस्पती समुद्रापलीकडच्या खंडापर्यंत गेलेली आणि दुसरी पन्नास मैलही न गेलेली. दवबिंदूची बी धुळीसारखी बारीक असते, वारा आणि वाहते पाणी तिला नेतात, आणि चिखलाबरोबर पाणपक्ष्यांच्या पायांनाही ती चिकटू शकते. चिखलात किती बी दडलेले असते याचा अंदाज चार्ल्स डार्विनने घेतला होता. एका डबक्याच्या काठावरचा तीन मोठे चमचे चिखल त्याने सहा महिने झाकून ठेवला आणि उगवलेले प्रत्येक रोप उपटून मोजत गेला. ती रोपे ५३७ भरली. पक्ष्याच्या पायाला लागलेली चिमूटभर माती एखाद्या वनस्पतीचा पसारा हजार किलोमीटरने वाढवू शकते, हे त्या मोजणीनंतर अशक्य वाटत नाही.

पाऊस वाढल्यावर आम्ही उठलो.

चौथा दिवस : कोयनेचे खोरे आणि दक्षिणेचा रस्ता

दिवसभर प्रवासच झाला. कोयनेच्या खोऱ्यात शिवसागर जलाशयाच्या काठाने जाताना जंगल गडद होत गेले. सह्याद्री तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे सोळाशे किलोमीटर पसरला आहे, आणि पाऊस त्याच्या उत्तर भागातही भरपूर आहे. महाबळेश्वरचा पाऊस केरळातल्या कित्येक जंगलांपेक्षा अधिक आहे. तरीही सदाहरित जंगलातल्या झाडांच्या कितीतरी प्रजाती दक्षिणेकडून येता येता वाटेतच थांबतात. त्यांना अडवतो तो पावसाचा आकडा नव्हे, कोरड्या महिन्यांचा आकडा. दक्षिण केरळात पावसाविना दोन-तीन महिने जातात, इथे सात-आठ. झाडाला वर्षाची सरासरी जगवत नाही. एप्रिल-मेच्या तळपत्या दुपारी मुळाशी ओल आहे की नाही यावर ते जगते किंवा मरते. पसाऱ्याची सीमा बहुधा सर्वांत वाईट महिना आखतो, ही गोष्ट नकाशांवर सरासरी तापमान आणि सरासरी पाऊस रंगवताना सहज विसरली जाते.

या खोऱ्यात राहणारा एक छोटा भेक (इंग्रजीत टोड, बेडकाचा खडबडीत कातडीचा नातलग) १९६३ साली वर्णिला गेला आणि त्याला कोयनेचे नाव मिळाले. त्याचा एकुलता एक सख्खा भाऊबंद इथून सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर दक्षिणेला राहतो. रात्री उशिरा पावसातच आम्ही त्याच्या गावी, आंबोलीला, पोहोचलो.

पाचवा दिवस : आंबोली

ज्या घरी उतरलो होतो त्याच्या पायरीवर, दिव्याखाली, पहाटेच एक जाडजूड, खडबडीत भेक बसला होता. दिव्याला आलेल्या किड्यांना तो सावकाश टिपत होता. हा आपला नेहमीचा, घराघरांत येणारा भेक. त्याला आंबोलीत पाहून कोणी थांबत नाही, कारण तो मुंबईच्या गटारीपाशीही भेटतो आणि पुण्याच्या बागेतही. त्याचा पसारा भारतापासून दक्षिण चीन आणि इंडोनेशियापर्यंत आहे. दिवसभर ज्याच्यासाठी आम्ही हिंडलो तो आंबोली टोड मात्र जगाच्या पाठीवर आंबोली आणि लगतच्या भागापलीकडे नोंदलेला नाही. २००९ मध्ये त्याचे वर्णन झाले, अंगावरच्या वाघासारख्या पट्ट्यांवरून त्याला नाव मिळाले, आणि आज तो गंभीररीत्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे.

जांभ्या दगडाच्या सड्यावर आम्हाला नेणारे काका गावचेच होते. निघण्यापूर्वी त्यांनी एकच सूचना दिली : "बॅटरी खाली धरा, आणि पाय बघून टाका." सड्यावर पाणी काचेच्या पातळ थरासारखे सरकत होते. दगडाच्या खळग्यांत ओंजळभर पाण्याची डबकी झाली होती. त्यांतल्या एकाच्या काठावर काकांनी हात आडवा धरून आम्हाला थांबवले. तीन सेंटिमीटरच्या आसपासचा एक पिवळट तपकिरी जीव डबक्याच्या कडेला बसला होता आणि त्याच्या बगलेवरचे गडद पट्टे विजेरीच्या उजेडात स्पष्ट दिसत होते. थोड्या अंतरावर दुसरा, मग तिसरा. पहिल्या जोरदार पावसानंतरचे थोडे दिवस हाच त्यांचा विणीचा काळ असतो. ही डबकी उथळ असल्याने त्यांत मासे नसतात, आणि डबके आटण्याच्या आत पिल्लांनी पाण्याबाहेर पडायचे असते. पाऊस आठवडाभर लांबला तर सगळे संपते. आंबोलीत पाऊस लांबत नाही, म्हणूनच हा हिशेब इथे जमतो.

इथे मला माझ्याच एका समजुतीची दुरुस्ती करावी लागली. लहान पसाऱ्याची प्रजाती म्हणजे दुबळी प्रजाती, असे मी कुठेतरी धरून चाललो होतो. त्या रात्री डबक्याशेजारी बसून ते पटेनासे झाले. उघड्या दगडावर वाहत्या पावसात अंडी घालणे आणि ती तडीस नेणे हे दिव्याखालच्या त्या जाडजूड भेकाला जमत नाही. आंबोली टोड आपल्या जागेत निष्णात आहे. त्याच्याकडे जे नाही ते आहे प्रवासाचे सामान.

हे 'सामान' नेमके कोणते, याचाही अभ्यास झाला आहे आणि तो करणाऱ्यांत आंबोली टोडचे वर्णन करणारे काही संशोधकही होते. जगभरातल्या भेकांचे वंशवृक्ष आणि शरीरगुण ताडून २०१० साली त्यांनी दाखवले, की भेकांनी जवळजवळ सर्व खंड व्यापले त्यामागे काही गुणांचा एक संच होता. मोठे शरीर, जे सावकाश कोरडे पडते. चरबीचा साठा, जो उपवासात कामी येतो. कानामागच्या विषग्रंथी. प्रौढपणी पाण्यापासून दूर राहण्याची क्षमता. हजारोंच्या संख्येने अंडी, आणि ती मिळेल त्या पाण्यात घालण्याची तयारी. स्वतः खाऊन वाढणारी पिल्ले. असा संच ज्या वंशात जमला तो चालू लागला, आणि ज्यात जमला नाही तो जागी राहिला. पायरीवरच्या भेकाकडे हा संच आहे. त्याच्या वाटेत कोरडा माळ आला तर तो एक रात्र चालून पुढच्या विहिरीपर्यंत जातो. आंबोली टोडसाठी सड्याच्या बाहेरचे जंगल, त्यानंतरची शेते आणि त्यापुढचा पूर्वेकडचा कोरडा मुलूख ही एकामागून एक बंद होत जाणारी दारे आहेत.

तरीही त्या सर्वदूर पसरलेल्या भेकालाही एक सीमा होती, ती समुद्राची. मादागास्करचे उष्ण, दमट हवामान त्याला पूर्वीपासून मानवण्यासारखे होते, पण लाखो वर्षे तो तिथे नव्हता, कारण पोहोचायला वाट नव्हती. २०१४ मध्ये त्या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या तोआमासिना बंदराच्या परिसरात तो सापडल्याचे जाहीर झाले. आग्नेय आशियातून, बहुधा जहाजावरच्या मालाबरोबर, तो तिथे गेला होता आणि पोहोचताच त्याने झपाट्याने पाय पसरले. मैत्रिणीच्या 'उरलेल्या अर्ध्या उत्तराचा' याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. राहता येईल अशी जागा आणि पोहोचता येईल अशी जागा, या दोन वर्तुळांचा जिथे छेद होतो तेवढाच नकाशा प्रजातीच्या वाट्याला येतो. त्यातूनही शेजारी जेवढे सोडतील तेवढा.

सकाळी हिरण्यकेशीच्या उगमाशी गेलो. गुहेतून निघणाऱ्या पाण्याशी देवळाचे कुंड आहे, आणि त्या कुंडात २०२० साली वर्णन झालेला शिस्टुरा हिरण्यकेशी हा बोटाएवढा रंगीत मासा राहतो. पुढच्याच वर्षी राज्य शासनाने ही जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केली. माशाच्या बाबतीत पसाऱ्याचा प्रश्न फारच कठोर होतो. हिरण्यकेशीचे पाणी पूर्वेला घटप्रभेला आणि पुढे कृष्णेला मिळते. कड्यापलीकडे काही किलोमीटरवर पडलेला पाऊस अरबी समुद्राला जातो. पक्षी ही धार क्षणात ओलांडतो, माशाला ती ओलांडताच येत नाही. गुहेजवळच्या स्वच्छ, थंड, वाहत्या पाण्यावर जगणाऱ्या या लहानशा माशासाठी तर खालचे संथ, गढूळ पाणीही परकेच आहे. कुंडाशेजारी आम्ही बसलो असताना दर्शनाला आलेल्या एका आजींनी मुलांना पाण्यात काही टाकू दिले नाही. "देवाचे मासे आहेत," एवढेच त्या म्हणाल्या. एवढ्या इवल्याशा पसाऱ्याला असे राखणदार लाभणे ही फार मोठी गोष्ट आहे.

रात्रीच्या रस्त्याविषयी लिहिल्याशिवाय हा दिवस पुरा करता येणार नाही. चौकुळच्या वाटेवर पर्यटकांच्या गाड्यांखाली चिरडलेले तीन बेडूक आम्ही मोजले. त्यांतला एक कोण होता हे ओळखण्यापलीकडे गेले होते. ज्याचा सगळा मुलूख काही सडे एवढाच आहे, त्याच्या मुलखातून पावसाळी शनिवार-रविवारी शेकडो गाड्या जातात. माळढोकाला दीडशेपर्यंत यायला शेकडो मैलांचा माळ तुटावा लागला. इथे एक रुंद केलेला रस्ता आणि एक वाहनतळ पुरेल.

सहावा दिवस : खाडी आणि कशेळीचा सडा

घाट उतरून, सावंतवाडी मागे टाकून, आम्ही किनाऱ्याने उत्तरेला निघालो. वाटेत एका खाडीवरच्या धक्क्यापाशी ओहोटी लागली होती. धक्क्याच्या खांबांवर दोन पट्टे स्पष्ट दिसत होते, वर बार्नेकल या खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी जिवांचा पांढुरका आणि त्याखाली कालवांचा. खांब एकच, पाणी एकच, आणि तरी वीतभर उंचीच्या फरकाने रहिवासी बदललेले. जोसेफ कोनेल या संशोधकाने स्कॉटलंडच्या कम्ब्रे बेटावरच्या खडकांवर अशाच पट्ट्यांचा छडा लावला आणि १९६१ साली तो प्रसिद्ध केला. तिथे बार्नेकलच्याच दोन जाती एकाखाली एक राहत होत्या. खालची जात कोनेलने काढून टाकली, तेव्हा वरच्या जातीची पिल्ले खालीही सुखाने वाढली. म्हणजे तिला खाली राहता येत होते, पण झपाट्याने वाढणारी शेजारीण तिला खडकावरून अक्षरशः उचकटत आणि दडपत होती. उलट खालच्या जातीला वर अडवणारे कोणी नव्हते. तिथले ऊन आणि कोरडेपणाच तिला सोसत नव्हता. एका खडकावर एक सीमा हवामानाने आखलेली आणि दुसरी शेजाऱ्याने, असा तो निकाल आहे. लांडगा-खोकडापासून सुरू केलेला विचार मला त्या खांबापाशी एका नजरेत मावलेला दिसला.

दुपारी राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर पोहोचलो. पाऊस थांबला होता. काळपट जांभ्याच्या भेगांत साठलेल्या वीतभर मातीतून कोकण दीपकाडीचे पांढरे फुलोरे उभे होते. ही कंदवर्गीय वनस्पती किनाऱ्यालगतच्या सड्यांबाहेर आढळत नाही. उन्हाळाभर तापलेल्या दगडाखाली कंद झोपलेला असतो आणि पहिल्या पावसाबरोबर काही आठवड्यांत पान, फूल, बी उरकून घेतो. सड्याच्या कडेने सुरुंग लावून, माती भरून केलेल्या हापूसच्या बागा दिसत होत्या. बागाईतदाराला मी दोष देत नाही, त्याच्या घराचे पोट त्या कलमांवर चालते. पण सरकारी कागदावर 'पडीक' लिहिलेली ही जमीन दीपकाडीचा संपूर्ण देश आहे, हेही त्याच कागदावर कुठेतरी लिहिले जावे अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

सड्याच्या मधोमध तो हत्ती होता. कातळात कोरलेला, सुमारे अठरा मीटर लांबीचा, आणि त्याच्या अंगभर इतर जनावरांच्या आकृत्या कोरलेल्या. कोकणातली ही कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली आहेत. ती कोरणाऱ्यांनी हत्ती डोळ्यांनी पाहिला असणार असे त्या रेषांकडे पाहून वाटत राहते. जनावरांचे नकाशे किती हलले आहेत याचे भान अशा वेळी येते. सिंधूच्या मुद्रांवर गेंडा आहे, आणि सोळाव्या शतकात बाबराने पेशावरच्या बाजूला गेंड्यांची शिकार केल्याचे स्वतः नोंदवले आहे. आज तो प्राणी मुख्यतः आसाम, उत्तर बंगाल आणि नेपाळच्या तराईत उरला आहे.

आम्हाला सड्यावर घेऊन आलेला मुलगा हत्तीच्या सोंडेपाशी उकिडवा बसला होता. त्याचे आजोळ दोडामार्गचे. २००२ साली कर्नाटकच्या जंगलातून हत्ती घाट उतरून सिंधुदुर्गात आले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या तिथे कोणी रानहत्ती पाहिलेला नव्हता. हत्तीला वाट माहीत होती, चालण्याची ताकद होती आणि खाली केळी, माड, भात होता. आजोबांची केळीची बाग एका रात्रीत गेली, असे त्याने सांगितले. पुढच्या वर्षी त्यांनी तिथे केळी लावलीच नाहीत. मग त्याने ओल्या कातळावर हात ठेवला आणि सोंडेची रेघ बोटाने टोकापर्यंत गिरवली. त्या खोबणीत सकाळचे पाणी साठले होते.